उशिराचा शेरा

कामावर येणारा मनुष्य उशिरा आला, हें पूर्वीं कोणीतरी डोळ्यांनीं पाहून सांगावें लागे. हजेरीपुस्तक हेडक्लार्काच्या मेजावर असे. ठराविक वेळ टळली कीं तें साहेबांच्या खोलींत जाई, आणि मागाहून येणाऱ्यास तेथें जाऊन, मान खालीं घालून, सही करावी लागे. तांबड्या शाईची खूण करणारा हात कोणाचा, हें सर्वांस ठाऊक असे. खूण चुकली तर दाद कोणाकडे मागावी, हेंहि ठाऊक असे. आतां ती खूण यंत्र करतें. दाराशीं बोट टेकविलें किंवा चेहरा दाखविला कीं वेळेची नोंद होते, महिनाअखेर संगणकांतून यादी बाहेर पडते, आणि नांवापुढें उशिराचा शेरा आपोआप येऊन बसतो. हा शेरा कोणी मारला, असें विचारलें तर उत्तर मिळतें, 'सिस्टिमनें!'

ह्या उत्तरानें पुष्कळ ठिकाणीं चर्चा संपते. वस्तुतः ती तेथें सुरू व्हावयास पाहिजे. कारण शेरा लहान दिसला तरी त्याचें ओझें लहान नसतें. तीन उशिरांस एक किरकोळ रजा कापण्याची रीत अनेक कचेऱ्यांत आहे. केंद्र सरकारच्या नियमांत प्रत्येक उशिरास अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा कापली जाते. महिन्यांतून दोन वेळांपर्यंतचा, एका तासाच्या आंतील उशीर तेवढा, कारण अपरिहार्य असल्यास, अधिकाऱ्यास माफ करतां येतो. ज्याला रजाच नाहीं अशा कंत्राटी किंवा रोजंदारी माणसाचा तर पगारच जातो. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं अकोला जिल्ह्यांतून वेगळा झाला, आणि २०१८ मध्यें भारत सरकारनें निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांत, म्हणजे विकासांत मागें राहिलेल्या जिल्ह्यांत, त्याची गणना झाली. अशा भागांत अर्ध्या दिवसाची मजुरी म्हणजे घरांतील एका वेळची चूल होय. ती चूल चुकीच्या हिशेबानें विझूं नये, एवढ्यासाठीं हा हिशेब होतो कसा, हें समजून घेणें अवश्य आहे.

मूळ गोष्ट अशी कीं, उशीर यंत्र पाहत नाहीं. यंत्र फक्त बोट टेकल्याची वेळ टिपून ठेवतें. ती वेळ आणि कामाची ठरलेली वेळ यांची वजाबाकी सॉफ्टवेअर करतें, आणि बाकी ठराविक मर्यादेबाहेर गेली कीं शेरा मारतें. एतावता ह्या शेऱ्याच्या पाठीशीं चार गोष्टी असतात : घड्याळ, नोंद, पाळी आणि नियम. ह्या चारांपैकीं एकहि चुकली तरी वजाबाकी अचूक होऊनहि उत्तर खोटें येतें.

हजेरीचें यंत्र हें कांहीं आजचें नव्हे. अमेरिकेंतील ऑबर्न येथील विलर्ड बंडी नांवाच्या जवाहिऱ्यानें १८८८ च्या सुमारास असें घड्याळ तयार केलें. प्रत्येक कामगाराची आंकडा घातलेली स्वतंत्र किल्ली असे. ती फिरविली कीं कागदाच्या फितीवर तो आंकडा आणि वेळ छापली जाई. तथापि त्या फितीवर उशिराचा शेरा नसे. वेळ छापणें हें यंत्राचें काम, आणि तीवरून निवाडा करणें हें माणसाचें काम, अशी वांटणी होती. आजच्या सॉफ्टवेअरनें दोन्ही कामें एका ठिकाणीं आणिलीं. त्यामुळें सोय झाली, परंतु निवाडा कोठें होतो, हें दिसेनासें झालें.

चारांपैकीं पहिली गोष्ट घड्याळाची. वाशीमच्या श्रोत्यांस हा विषय घरचाच वाटावा. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. लंकेपासून मेरूपर्यंत जाणारी जी भूमध्यरेषा प्राचीन ज्योतिषी मानीत, तिच्यावरील स्थानांत भास्कराचार्यांनीं 'करणकुतूहल' ग्रंथांत उज्जयिनीबरोबर वत्सगुल्माचेंहि नांव दिलें आहे. वाशीम येथील मध्यमेश्वराच्या देवालयाशीं स्थानिक परंपरा हीच रेषा जोडते. रेषेच्या पूर्वेस किंवा पश्चिमेस असलेल्या गांवाची वेळ काढतांना त्या अंतराचा संस्कार करावा लागे. त्यास देशांतर म्हणत. आजच्या मापनाप्रमाणें पाहिलें तर उज्जैन व वाशीम हीं एका रेखांशावर नाहींत. दोहोंच्या स्थानिक वेळेंत सुमारें साडेपांच मिनिटांचा फरक पडतो. ज्या रेषेवरून इतरांचें अंतर मोजावयाचें, त्या रेषेवरच्या दोन गांवांतहि एवढा फरक राहून गेला, ही गोष्ट घड्याळावर विसंबणाऱ्या प्रत्येकानें ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

१ जानेवारी १९०६ पासून सबंध देशासाठीं एक प्रमाणवेळ ठरली. ती ग्रिनिचच्या साडेपांच तास पुढें. ह्या वेळेच्या मानानें वाशीमचा सूर्य साडेएकवीस मिनिटें, म्हणजे जवळजवळ एक घटिका, मागें असतो. मुंबईचा सुमारें एकुणचाळीस मिनिटें मागें. नवी वेळ आली तेव्हां मुंबईच्या गिरणी कामगारांनीं त्याच महिन्यांत तिच्याविरुद्ध ओरड केली, आणि मुंबईच्या महापालिकेनें पुढें कित्येक दशकें जुनी मुंबई-वेळच चालविली. एका शहरांत दोन घड्याळें असलीं म्हणजे एकच मनुष्य एका दाराशीं वेळेवर आणि दुसऱ्या दाराशीं उशिरा ठरतो. आज हीच अवस्था एका इमारतीच्या दोन दारांवरील दोन यंत्रांची होऊं शकते.

संगणक आपल्या पोटांत वेळ ठेवतो ती बहुधा जागतिक वेळ. तो १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासूनचे सेकंद मोजीत असतो. माणसास दाखवितांना तो त्यांत साडेपांच तास मिळवितो. हे मिळविणें राहून गेलें तर सकाळीं ९ वाजून ४० मिनिटांनीं आलेला मनुष्य पहाटे ४ वाजून १० मिनिटांनीं आलेला दिसतो. दोनदां मिळविलें तर तोच दुपारीं ३ वाजून १० मिनिटांनीं उगवतो. ही चूक ढळढळीत असल्यामुळें लवकर सांपडते. अधिक त्रास देते ती मिनिटांची चूक. साधारण क्वार्ट्झ घड्याळ दिवसाला एक-दोन सेकंद मागें-पुढें होऊं शकतें. वर्षभर कोणी जुळविलें नाहीं तर दहा मिनिटांपर्यंत अंतर पडतें. त्यांतच वीज गेली, आणि यंत्रांतील लहान बॅटरी संपलेली असली, तर घड्याळ भलत्याच तारखेवर जाऊन बसतें. देशाची अधिकृत वेळ दिल्ली येथील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा अणुघड्याळांवरून राखते. यंत्र जाळ्यानें जोडलेलें असल्यास त्याचें घड्याळ अशा वेळेशीं आपोआप जुळत राहील, अशी योजना करतां येते. जेथें जोडणी नाहीं, तेथें आठवड्यांतून एकदां कोणीतरी घड्याळ ताडून पाहावें, आणि पाहिल्याची तारीख व आढळलेला फरक लिहून ठेवावा.

दुसरी गोष्ट नोंदीची. दाराशीं मनुष्य येऊन उभा राहणें आणि यंत्रांत त्याची नोंद होणें, ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. शेतींत, बांधकामावर किंवा भांडीं घासण्याच्या कामांत झिजलेल्या बोटांच्या रेषा यंत्रास ओळखूं येत नाहींत. हात ओले अथवा धुळीचे असले तरी तेंच होतें. मनुष्य चार वेळां बोट टेकवितो, पांचव्या वेळीं खूण पटते, आणि नोंद पांचव्या वेळेची होते. पहिले चार प्रयत्न पुष्कळदां हजेरीच्या यादींत दिसतच नाहींत. दाराशीं रांग असेल तर रांगेंतील मिनिटेंहि त्याच्याच नांवावर पडतात. यास्तव ज्याचें बोट वारंवार नाकारलें जातें, त्याचा ठसा पुन्हां घ्यावा, दुसऱ्या बोटाची सोय ठेवावी, आणि फसलेल्या प्रयत्नांचीहि यादी यंत्राकडून मागावी.

जाळें तुटलेलें असतांना यंत्र नोंदी स्वतःजवळ सांठवितें, आणि जोडणी आली कीं त्या मुख्य संगणकाकडे पाठवितें. अशा नोंदीला दोन वेळा असतात : एक बोट टेकल्याची, दुसरी पोंचल्याची. हजेरी पहिलीवरून धरावयास हवी. ती दुसरीवरून धरली गेली, तर जाळें बंद असलेल्या सकाळचे सर्व लोक एकदम दुपारीं आलेले दिसतात. रोजगार हमीच्या कामांवर हा प्रश्न अधिक तीव्र झाला. मनरेगाच्या मजुरांचीं दिवसांतून दोनदां छायाचित्रें घेऊन मोबाइलवरून हजेरी नोंदविण्याची पद्धत मे २०२१ मध्यें सुरू झाली, आणि १ जानेवारी २०२३ पासून, वैयक्तिक लाभाचीं कामें सोडून, ती सर्व कामांवर बंधनकारक झाली. ज्या योजनेचें मूळ १९७२ च्या दुष्काळांतील महाराष्ट्राच्या रोजगार हमींत आहे, तिच्या मजुराचा दिवस आतां त्याच्या कुदळीइतकाच मेटच्या फोनवर आणि टेकडीपलीकडच्या मनोऱ्यावर अवलंबून राहिला. खड्डा खणलेला समोर दिसतो, परंतु छायाचित्र वर चढलें नाहीं, म्हणून मजुरी अडते. अशा तक्रारी देशभरांतून आल्या.

तिसरी गोष्ट पाळीची. नोंद खरी असूनहि ती कोणत्या वेळेशीं ताडावयाची, हें चुकलें कीं शेरा चुकतो. महाराष्ट्र शासनानें २९ फेब्रुवारी २०२० पासून पांच दिवसांचा आठवडा सुरू केला, तेव्हां कचेरीची वेळ सकाळीं ९.४५ ते सायंकाळीं ६.१५ अशी ठरली, आणि शिपायांची ९.३० ते ६.३०. त्याआधीं मुंबईबाहेरील कचेऱ्या १० ते ५.४५ चालत. आतां नवी वेळ सॉफ्टवेअरमध्यें घालतांना ती कोणत्या तारखेपासून लागू, हें जर सांगितलें नाहीं, तर जानेवारी २०२० ची यादी पुन्हां काढतांच त्या वेळीं ९ वाजून ५५ मिनिटांनीं, म्हणजे पांच मिनिटें लवकर, आलेला कारकून दहा मिनिटें उशिरा आलेला ठरतो. तद्वत् कारकुनाचें नांव शिपायांच्या पाळींत राहून गेलें, तर तो रोज वेळेवर येऊनहि रोज उशिरा ठरेल.

रात्रपाळीचा प्रकार ह्याहून विलक्षण. समजा, एकाद्या रुग्णालयांतील परिचारिकेची पाळी रात्रीं ८ ते सकाळीं ८ अशी आहे. ती १० तारखेस सायंकाळीं ७ वाजून ५० मिनिटांनीं आली, रात्रभर रोग्यांच्या उशाशीं जागली, पुढच्या परिचारिकेस सर्व समजावून देण्यासाठीं दहा मिनिटें अधिक थांबली, आणि ११ तारखेस सकाळीं ८ वाजून १० मिनिटांनीं बाहेर पडली. सॉफ्टवेअरमध्यें दिवस मध्यरात्रीं बदलत असेल, तर १० तारखेस तिचें येणें आहे पण जाणें नाहीं. आणि ११ तारखेची पहिली नोंद सकाळीं ८.१० ची, म्हणून तेंच तिचें येणें! यादींत तिची पाळी चुकून दिवसाची लिहिलेली असली, तर ती दहा मिनिटें उशिरा आली, असा शेरा पडतो. जीं दहा मिनिटें तिनें आपल्या पदरचीं दिलीं, तींच तिच्या माथीं बसतात. ह्यावर उपाय कठीण नाहीं. रात्रपाळीच्या माणसांसाठीं दिवस मध्यरात्रीं न बदलतां दुपारीं बदलावा, आणि पाळीची यादी महिना संपल्यावर न भरतां आधीं भरावी.

फिरतीच्या नोकरांचा प्रश्नहि ह्याच सदरांतला. तलाठी, ग्रामसेवक, आरोग्यसेविका यांचा दिवस पुष्कळदां कचेरीच्या दारांत सुरू न होतां मानोऱ्याकडील एकाद्या खेड्यांत अगर रिसोडकडील एकाद्या शिवारांत सुरू होतो. त्यांची फिरती सॉफ्टवेअरमध्यें आधीं नोंदली नसेल, तर जो पहाटे गांवीं पोंचला तो कचेरींत दुपारीं आल्यामुळें उशिरा ठरतो, आणि जो कोठेंच गेला नाहीं तो वेळेवर ठरतो.

चौथी गोष्ट नियमाची. 'दहा मिनिटांची सवलत आहे,' हें वाक्य माणसास पुरतें, यंत्रास पुरत नाहीं. कचेरी ९.४५ ला भरते आणि मनुष्य ९ वाजून ५५ मिनिटें २० सेकंदांनीं आला, असें समजा. सेकंद सोडून देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मतें तो वेळेवर आला. सेकंद मोजणाऱ्याच्या मतें उशिरा. उशिरा म्हणावयाचा तर किती? सवलतीच्या शेवटापासून मोजलें तर वीस सेकंद. कचेरीच्या वेळेपासून मोजलें तर दहा मिनिटांहून अधिक. सवलत रोजची कीं महिन्यांतून ठराविक वेळांची? तीन उशीर मोजतांना माफ झालेला उशीर धरावयाचा कीं वगळावयाचा? हे प्रश्न सॉफ्टवेअर विकणाऱ्याचे नव्हेत. ते कचेरीनें लेखी ठरवावे लागतात. ते ठरविले नाहींत, तर कोणा दूरच्या प्रोग्रॅमरनें स्वतःच्या अंदाजानें ठरविलेलें असतें, आणि त्या अंदाजावर वाशीमच्या माणसाची रजा कापली जाते.

मग दोष शोधावा कसा? पुष्कळ ठिकाणीं तक्रार येतांच सबंध यंत्रणा उलटीसुलटी केली जाते, आणि एक चूक दुरुस्त करतांना दुसऱ्या दोन होतात. सरळ मार्ग असा कीं, एक मनुष्य आणि एक दिवस घ्यावा. शेऱ्यापासून आरंभ करून उलट चालत जावें : हा शेरा कोणत्या नियमानें पडला, तो नियम कोणत्या पाळीशीं ताडला, ती पाळी कोणत्या नोंदीस लावली, आणि ती नोंद कोणत्या घड्याळानें केली. प्रत्येक पायरीवर कागदावर स्वतः वजाबाकी करून पाहावी. जेथें माणसाचें उत्तर आणि यंत्राचें उत्तर वेगळें येईल, तेथें दोष आहे.

चुकीच्या आकारावरूनहि कारणाचा सुगावा लागतो. सर्वांचीच वेळ बरोबर साडेपांच तासांनीं हलली असेल, तर जागतिक वेळेचा घोटाळा. एकाच दाराच्या लोकांची कांहीं मिनिटांनीं हलली असेल, तर त्या दाराचें घड्याळ. एका सकाळीं सर्वजण एकाच क्षणीं आलेले दिसत असतील, तर तुटलेलें जाळें. फक्त रात्रपाळीचे लोक सांपडत असतील, तर दिवस बदलण्याची वेळ. एकच मनुष्य रोज तेवढ्याच मिनिटांनीं चुकत असेल, तर त्याची पाळी. आणि एकच मनुष्य कधीं पांच, कधीं वीस मिनिटांनीं चुकत असेल, तर आधीं त्याचें बोट तपासावें. बोट निर्दोष निघालें, तर मात्र तो खरोखरच उशिरा येत असण्याचा संभव आहे.

हा शेवटचा संभव विसरून चालणार नाहीं. यंत्र चुकतें म्हणून प्रत्येक शेरा खोटा, असें मानणें हाहि अन्यायच होय. कारण उशिरा येणाऱ्याच्या मेजासमोर तिष्ठत बसतो तो खेड्यावरून एस. टी. नें आलेला शेतकरी. लबाडीहि घडते. जुलै २०२५ मध्यें केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयानेंच राज्यांस कळविलें होतें कीं, रोजगार हमीच्या मोबाइल हजेरींत कामाशीं संबंध नसलेलीं छायाचित्रें आणि छायाचित्रांचीं छायाचित्रें चढविलीं जात आहेत. म्हणूनच दुरुस्तीचाहि नियम असावा. मूळ नोंद कधींहि पुसूं नये. ती तशीच ठेवून तिच्याशेजारीं दुरुस्तीची नवी नोंद करावी, आणि ती कोणी केली, केव्हां केली, कोणत्या कारणानें केली, हें तींत लिहावें. जुन्या हजेरीपुस्तकांत खाडाखोड झाली तर तीवर अधिकाऱ्याची सही लागे; ती शिस्त संगणकांत अधिकच अवश्य आहे, कारण तेथील खाडाखोड डोळ्यांस दिसत नाहीं.

शिवाय शेरा खरा ठरला तरी त्याची किंमत प्रमाणांत असावी. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यानें असें तत्त्व घालून दिलें कीं, गैरहजेरीबद्दल वेतन कापावयाचें तें गैरहजर काळाच्या प्रमाणाहून, साधारणतः, अधिक कापूं नये. २०१९ च्या वेतन संहितेंतहि हें तत्त्व कायम राहिलें. ज्या आस्थापनांस तें लागू आहे, तेथें दहा मिनिटांच्या उशिरास अर्ध्या दिवसाचें वेतन आपोआप कापणारें सॉफ्टवेअर वजाबाकींत अचूक असलें तरी कायद्यांत चुकलेलें असतें.

शेवटीं एक गोष्ट बहुतेक ठिकाणीं राहून जाते. दोष सांपडतो, घड्याळ जुळतें, पाळी सुधारते, आणि पुढच्या महिन्यापासून यादी बरोबर येऊं लागते. सर्वजण समाधानानें फाईल बंद करितात. परंतु घड्याळ ज्या तीन महिन्यांत चुकत होतें, त्या तीन महिन्यांत कापलेल्या रजा तशाच कापलेल्या राहतात, आणि अडलेली मजुरी अडलेलीच राहते. यंत्र दुरुस्त झालें, हिशेब दुरुस्त झाला नाहीं. दोष कोणत्या तारखेस शिरला हें शोधावें, त्या तारखेपासून सर्वांची हजेरी पुन्हां मोजावी, ज्याचें जें गेलें तें मागितल्यावांचून त्यास परत करावें, आणि तसें त्यास लेखी कळवावें. तक्रार करण्यास जो धजला त्याचाच नव्हे, जो निमूटपणें शेरा सोशीत राहिला त्याचाहि हिशेब पुरा व्हावा. दुरुस्तीचें काम तेव्हांच संपलें असें म्हणतां येईल.